मावशींचा खाडा

वृद्धाश्रमाच्या खालच्या हॉलमध्ये जेवणाची गाडी आली की मावशी आधी हात धुवायच्या, मग पायानं स्टूल ओढायच्या आणि मग फुंकर मारायला बसायच्या. सुपाच्या चमच्यावर फुंकर, कुस्करलेल्या बटाट्यावर फुंकर, दुधात भिजवलेल्या ब्रेडवरसुद्धा फुंकर, मग तो मुळातच गार असला तरी. जीभ पोळलेलं म्हातारं माणूस नंतर अन्नाला शिवत नाही, हे त्या नोकरीला लागल्या तेव्हाच शिकल्या होत्या, आणि एकदा शिकलेली गोष्ट सोडायची त्यांना सवय नव्हती.

तिथं सगळेच त्यांना मावशी म्हणायचे. ऐंशीच्या घरातले आजोबा पन्नाशी उलटलेल्या बाईला मावशी म्हणताहेत आणि ती मावशी त्यांना दटावतेय, "तोंडातलं आधी गिळा, मग बोला", असा सगळा उलटा कारभार. पण हॉल त्यांच्यावर चालायचा. चादरी बदलणं, कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, औषध जिभेखाली लपवलेलं शोधून काढणं. घरी जाताना त्यांची कंबर अशी धरलेली असायची, की बसमध्ये जागा मिळाली तरी बसायची भीती वाटायची. बसलं की उठणं आलं.

मावशींनी कधी खाडा केला नव्हता. त्यांच्या सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा सकाळचं सगळं आटोपून त्या दुपारच्या पाळीला हजर होत्या. ताप अंगावर काढायचा, खोकला अंगावर काढायचा, दाढदुखी तर त्यांनी तोंडातच मुरवली होती. आश्रमाच्या व्यवस्थापक बाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या मावशी म्हणजे कामाला वाघ." वाघ म्हटलं की एक सोय होते. वाघाच्या मदतीला आणखी कुणाला नेमावं लागत नाही.

हल्लीच एक नवी आया आली होती. तिला सगळे नवीच म्हणायचे. पोरगेलीशी, बोलघेवडी, तोंडात तीळ भिजत नसे. ती ताट आणून पंख्याखाली ठेवायची आणि ते निवेपर्यंत आजी-आजोबांशी गप्पा छाटत बसायची. मावशींना हे बघवत नसे. भरवायचं सोडून गप्पा मारणारी ही कसली आया, असं त्यांचं मत, आणि ते त्यांनी पोटात ठेवलं होतं असंही नाही.

दाराजवळच्या पलंगावर लिफ्टवाले आजोबा असायचे. उभा जन्म एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून लोकांना वरखाली करण्यात गेलेला. आता डोक्यातलं बरंच काही निसटलं होतं. चाकाची खुर्ची जरा हलली की विचारायचे, "कुठला मजला?" मावशी म्हणायच्या, "दुसरा", आणि अंघोळीला न्यायच्या. त्यांच्या जेवणाची एक गंमत होती. चमचा दिसला म्हणून ते तोंड उघडत नसत, "आ करा" म्हटलं म्हणूनही नाही. मावशींची फुंकर कानावर आली, तिचा वारा हनुवटीला लागला, की मगच तोंड उघडायचं. नवीनं प्रयत्न करून पाहिला, बाईंनीही एकदा पाहिला आणि सूप अंगावर घेतलं. तेव्हापासून बाई म्हणायच्या, "मावशी, तुम्ही नसलात ना, तर हे उपाशी मरतील हो."

"काहीतरीच तुमचं," मावशी म्हणायच्या. पण त्या एका वाक्यावर त्यांचा आठवडा निघायचा. दमलेल्या माणसाला पगारापेक्षा असं काहीतरी लागतं, आणि ते फुकट मिळतं म्हणून देणारेही सढळ हातानं देतात.

थंडी पडायच्या आधी सिस्टर निळा डबा घेऊन आल्या. सिस्टर म्हणजे जवळच्या दवाखान्यातून आश्रमात येणारी नर्स. उंच, शांत, बोलताना समोरच्याच्या मनगटावर हात ठेवायची सवय. त्यांनी आधी सगळ्या म्हाताऱ्यांना फ्लूची लस टोचली आणि मग म्हणाल्या, "आता स्टाफनं रांग लावा."

"आम्हाला कशाला?" मावशी म्हणाल्या. "आम्ही धडधाकट."

"म्हणूनच. या वयात अंग लशीला पुरती दाद देत नाही, मावशी. टोचूनही यांच्यातल्या काहींना फ्लू होतोच. मग तो यांच्यापर्यंत येऊच नये हे कुणी बघायचं? हे कुठं बाहेर जातात? बाहेरून येतो आपण."

"मागे एकदा घेतली होती की मी."

"मागची मागे. हा दर वर्षी रूप बदलतो, म्हणून सुई पण दर वर्षी नवी."

"टोचल्यावर ताप येतो म्हणे."

"एखाद्याला दिवसभर कणकण वाटते, दंड दुखतो. तो काही फ्लू नसतो."

सिस्टर समजावत होत्या ते खरंच होतं, पण मावशींच्या डोक्यात एवढंच शिरलं, की दिवसभर कणकण आणि दुखरा दंड. दुखऱ्या दंडानं लिफ्टवाल्या आजोबांना उचलायचं कसं? आणि कणकण वाढली तर? "आलेच हं," म्हणून त्या धुण्याच्या खोलीत गेल्या आणि घडी घातलेल्या चादरी मोडून पुन्हा घडी घालत बसल्या. सिस्टर दोनदा हाका मारून गेल्या. नवीनं मात्र लस घेतली, आणि घेताना अशी किंचाळली की झोपलेले दोन आजोबा उठून बसले. मावशींनी आतून ऐकलं आणि नाक मुरडलं.

मावशींच्या घरात दुखणं आणलं ते त्यांच्या नवऱ्यानं. नवरा वायरमन. एका जुन्या इमारतीच्या तळघरात चार-पाच जण खिडकी नसलेल्या खोलीत वायरिंगचं काम करत होते, आणि त्यांतला एक जण सारखा खोकत होता. तो खोकणाराही म्हणे दुखणं अंगावर काढणाऱ्यांतलाच. वायरमन घरी आला तो डोकं धरून. त्याचं शिंकणं गल्लीत प्रसिद्ध होतं, समोरच्या घरातली बाई हातातलं भांडं सांभाळून धरायची. त्या संध्याकाळी तो शिंकतच सुटला.

"अहो, तोंडावर हात तरी धरा."

"हात धरला तर तो हात कुठं पुसू? आणि सर्दी नाहीये ही. धूळ आहे तळघरातली."

"धुळीनं ताप चढतो का?"

"ही जुनी धूळ आहे," वायरमन म्हणाला आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

मावशींनी त्याचं डोकं दाबलं, काढा दिला, त्याचाच टॉवेल उशाशी वाळत घातला. एकच खोली, एकच खिडकी, आणि ती थंडीसाठी बंद. बाहेरचं काम करून आलेल्या बाईला घरातलं दुखणं म्हणजे दुसरी पाळीच. चिडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, तेही त्यांच्यात उरलेलं नव्हतं.

मग एका सकाळी उठल्या तर सगळं अंग मोडून आलेलं. डोळ्यांच्या खोबणी दुखत होत्या, घशात कुणीतरी काथ्या कोंबल्यासारखं झालं होतं. मावशींनी नवऱ्यासाठी आणलेली तापाची एक गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली आणि चपला घातल्या.

"आज राहू दे की," वायरमन पांघरुणातून म्हणाला.

"आणि तिकडे कोण भरवेल?"

या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच कधी नसायचं, त्यामुळेच तर मावशी तो विचारायच्या.

गोळीनं ताप दबला. दबला म्हणजे गेला असं नव्हे, पण माणसाला तेवढं पुरतं. आश्रमात त्या दिवसांत खोकला-सर्दी असलेल्यांनी मास्क लावावा असा नियम होता, म्हणून मावशींनी मास्क लावला. दुपारपर्यंत सगळं रेटलं. मग जेवणाची गाडी आली आणि त्या लिफ्टवाल्या आजोबांसमोर स्टुलावर बसल्या. चमचा भरला, मास्कच्या आतूनच फुंकर मारली. फुंकर आतल्या आत विरली, आणि आजोबांचं तोंड मिटलेलंच. "आ करा." मिटलेलंच. त्यांनी डोळे वर करून मावशींच्या पांढऱ्या अर्ध्या तोंडाकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मावशींनी दोनदा चमचा ओठांना लावला. सूप हनुवटीवरून ओघळलं.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मास्क हनुवटीखाली ओढला. फुंकर मारली. आजोबांनी तोंड उघडलं.

आजोबांचं झाल्यावर मास्क वर घ्यायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. शेजारच्या खिडकीजवळ एक आजी असायच्या. दिवसभर रस्त्यावरचं बघायचं आणि हॉलला बातम्या द्यायच्या, हा त्यांचा उद्योग. समोरच्या दुकानदाराचं बायकोशी भांडण झालं की ते हॉलला आधी कळायचं आणि दुकानदाराच्या मेहुण्याला मागाहून. मावशी थकून त्यांच्या पलंगावरच टेकल्या, डोक्याला डोकं लावून खिडकीबाहेर बघत बातम्या ऐकल्या आणि एकेक चमचा फुंकून त्यांना भरवला. आजी म्हणाल्या, "मावशी, तुझं अंग कढत लागतंय गं."

"उन्हात बसलायत तुम्ही, म्हणून वाटतं."

संध्याकाळी गोळीचा जोर ओसरला. सिस्टर औषधं द्यायला आल्या होत्या. सवयीनं त्यांनी मावशींच्या मनगटावर हात ठेवला आणि काढला नाही.

"कधीपासून?"

"आत्ताच जरा."

"मावशी."

"सकाळपासून," मावशी म्हणाल्या. "पण गोळी घेतली होती."

"गोळीनं ताप उतरतो, फ्लू नाही उतरत. तो श्वासातून बाहेर पडतच राहतो. खोकताना, बोलताना, जवळ बसलं की." सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "आता घरी जायचं. गोळीशिवाय ताप नसलेला एक अख्खा दिवस जाईपर्यंत इकडे यायचं नाही."

"आणि आजोबा?"

"ते बघू आम्ही."

मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा पाळी अर्धवट टाकली. नवी त्यांच्या हातातलं ताट घ्यायला आली तेव्हा त्यांनी ते सोडायला जरा वेळच लावला.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. मावशींचा हत्ती घरी पोचल्यावर पुरता आत आला. हाडं दुखत होती, पापण्या दुखत होत्या, केससुद्धा दुखत होते. वायरमन आता जरा उठता-बसता झाला होता. त्यानं सूप केलं, ते तळाशी लागलं, आणि तो वाटी घेऊन मोठ्या प्रेमानं बायकोजवळ बसला. चमच्यावर त्यानं जोरदार फुंकर मारली.

"फुंकू नका," मावशी म्हणाल्या.

"अगं, मग गार कसं करायचं?"

"ठेवा बाजूला. होईल आपोआप."

म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. चमच्यावर वाकलेलं तोंड, ओठांचा चंबू, समोर उघडलेलं दुसरं तोंड, मध्ये वीतभर अंतर. इतकी वर्षं हे असंच दिसत असणार. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. नवी होती. खिडकीच्या आजींना ताप भरला होता. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनाही. हॉलमध्ये बाहेरच्यांना येणं बंद केलं होतं, खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, आणि आजारी दोघांना वेगळ्या खोलीत हलवलं होतं. "आणि लिफ्टवाले?" मावशींनी विचारलं. "ताप नाही त्यांना," नवी म्हणाली. "पण जेवले नाहीत. काल रात्री नाही, आज सकाळी पण नाही. तोंडच उघडत नाहीत, मावशी."

मग बाईंचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या. ज्यांच्याकडे माणसं कमी आणि कामं जास्त असतात, त्या सगळ्या बाई अशाच बोलतात. "मावशी, मला कळतंय तुम्हाला बरं नाही. पण एका वेळेपुरतं येता का? एक गोळी घ्या, मास्क लावा, आजोबांना तेवढं भरवा आणि जा. माणूस उपाशी आहे हो. सिस्टरना मी बघते."

मावशींनी गोळी घेतली. कपडे बदलले. वायरमननं त्यांची शाल आणून दिली.

बसमध्ये त्या उभ्या राहिल्या, इतरांपासून लांब, दाराच्या वाऱ्यात. आश्रमाच्या फाटकाशी वॉचमन खुर्चीत बसला होता. मावशींना बघून उठलाच. "आलात? सुटलो. आत नुसता गोंधळ आहे. दवाखान्याची गाडी येऊन खिडकीच्या आजींना घेऊन गेली आत्ताच. श्वास लागत होता त्यांना."

मावशी फाटकाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. वॉचमन दोन पावलं मागे सरकला आणि लगेच ओशाळला.

इथून हॉलचं दार दिसत होतं. आत आजोबा बसले असणार, हनुवटी छातीला टेकलेली. मास्क लावून गेलं तर ते तोंड उघडणार नाहीत. मग त्या काय करतील? स्वतःला मावशी चांगल्या ओळखत होत्या. त्या इकडेतिकडे बघतील आणि मास्क खाली ओढतील. न ओढता परत यायची ताकद त्यांच्यात नव्हती. तापात तर नव्हतीच नव्हती. त्यांना रडू आलं. इतकी वर्षं दमून, कंबर मोडून, कधी एक दिवस स्वतःसाठी न घेता जी माणसं जपली होती, त्यांच्यासाठीच आत जायचं नाही, हे कुणाला सांगितलं असतं तर पटलं असतं? त्यांनाही पुरतं पटत नव्हतं. फक्त पाय पुढे टाकायची भीती वाटत होती.

"बाईंना सांग, मी आले नव्हते," त्या म्हणाल्या.

"अहो, पण आलात ना तुम्ही."

"नाही आले," मावशी म्हणाल्या आणि वळल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. तापापेक्षा वाईट होतं ते पडून राहणं. बाईंनी पुन्हा फोन केला, मावशींनी नाही म्हटलं; बाई म्हणाल्या, "ठीक आहे, तुमची मर्जी." हे चार शब्द मावशी दिवसभर चघळत बसल्या. कामाचा वाघ एका 'ठीक आहे'मध्ये कामचुकार झाला होता. वायरमन म्हणाला, "तुझ्याऐवजी मी जाऊन भरवू का? मला आता ताप नाही." त्यावर मावशींना कितीतरी दिवसांनी हसू आलं आणि हसण्यातून पुन्हा खोकला. आजोबांबद्दल विचारायला त्यांनी फोन उचलला आणि ठेवला. जेवले नाहीत असं ऐकायची छाती नव्हती.

ताप गेला. गोळीशिवायचा एक दिवस गेला, आणखी एक त्यांनी धास्तीनं घालवला. पाय कापसाचे झाले होते, दोन जिने चढले तरी बसावंसं वाटत होतं. तशा त्या आश्रमात पोचल्या.

खिडकीजवळच्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. खिडकी उघडी होती. मावशी तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. कुणी काही सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी दाराकडे बघितलं. लिफ्टवाल्या आजोबांपुढे नवी बसली होती. तोंडावर मास्क, मांडीवर पंख्याखाली निवलेलं ताट, आणि मास्कच्या आतून अखंड बडबड. ती काहीतरी सांगत होती, सांगता सांगता थांबत होती, आणि ती थांबली की आजोबा पुढचं ऐकायला तोंड उघडून बघत होते. त्या उघड्या तोंडात चमचा जात होता. आजोबा चावत होते, गिळत होते. गालही फारसे बसलेले दिसत नव्हते.

"दोन दिवस छळलं त्यांनी," नवी मावशींना म्हणाली, "मग खायला लागले."

आजोबांनी मावशींकडे बघितलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. पुन्हा नवीकडे बघू लागले.

मावशींना आधी हायसं वाटलं, अगदी पोटातून. आणि त्याच्या पाठोपाठ आत काहीतरी दुखलं. आजोबा जेवले होते, म्हणजे त्यांच्याशिवायही जेवत होते. त्या दिवशी गोळी घेऊन आल्या नसत्या तरी जेवले असते. फार तर दोन दिवस सूप सांडलं असतं.

सिस्टर भेटल्या तेव्हा मावशींनी सरळ विचारलं, "खिडकीच्या आजींना माझ्यापासूनच झाला ना?"

सिस्टरनी मनगटावर हात ठेवला. "माहीत नाही. दोन दिवस आधी त्यांच्याकडे नातवंडंही येऊन गेली होती. तुमच्यापासून झाला असेल, त्यांच्यापासून झाला असेल. हे कळत नसतं, मावशी. दुखायला लागायच्या आदल्या दिवसापासूनच हा पसरायला लागतो, तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं."

"पण त्या दिवशी माहीत होतं."

"हो," सिस्टर म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"आणि आजोबांवर मी एवढ्या फुंकरा मारल्या, त्यांना काहीच झालं नाही."

"नाही झालं. लस लागू पडली असेल, नशीब असेल. हा आजार न्यायानं वागत नाही."

मावशींनी बाही वर केली. "आता टोचून काही उपयोग आहे का?"

"आहे. मोसम संपलेला नाही, आणि फ्लू काही एकाच जातीचा नसतो. फक्त अंगात मुरायला दोन आठवडे लागतात."

दंड दुखला. कणकण आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, असं मावशींना वाटत राहिलं, म्हणजे निदान भीती खरी ठरली असती.

त्यानंतर मावशींनी फुंकर सोडली. ताट निवू द्यायच्या, मास्क लावून बसायच्या. हॉलमधलं जेवण लांबायला लागलं आणि बाई घड्याळाकडे बघायला लागल्या, तर मावशी म्हणायच्या, "मग आणखी एक माणूस नेमा." असं बोलण्याइतक्या त्या दमल्या होत्या. लिफ्टवाल्या आजोबांना नवीच भरवायची. तिच्या गोष्टींशिवाय ते आता चमच्याकडे बघतही नसत, आणि बाई पाहुण्यांना सांगायला लागल्या होत्या, की ही मुलगी नसली तर हे उपाशी मरतील. नवी "काहीतरीच" म्हणायची आणि लाजायची.

थंडी अजून सरली नव्हती तेव्हा एका सकाळी नवी कामावर आली ती मास्क डोळ्यांपर्यंत ओढून. बोलत नव्हती, तिथंच मावशींना शंका आली. धुण्याच्या खोलीत त्यांनी तिला गाठलं. ती पाण्याच्या नळाशी वाकून काहीतरी गिळत होती.

"काय घेतलंस?"

"काही नाही. डोकं दुखतंय जरा."

मावशींनी तिच्या कपाळाला हात लावला. "घरी जा."

"जरासाच आहे, मावशी. मी तर लस पण घेतलीये."

"म्हणून जरासाच आहे. तुला जरासा. त्यांना जरासा होईल असं कुणी लिहून दिलंय?"

नवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई काय म्हणतील? आणि आजोबांना कोण भरवणार? खरंच नाही जेवत ते माझ्याशिवाय. तुम्हाला माहितीये ना, तुम्हाला तर माहितीच आहे."

मावशींना माहीत होतं. ते वाक्य पोरीच्या तोंडून ऐकताना त्यांना तिचा राग आला नाही, हेवाही वाटला नाही, नुसतं फार फार थकल्यासारखं झालं. त्यांनी तिची पर्स खुंटीवरून काढून तिच्या खांद्याला अडकवली.

"आणि नाहीच जेवले तर?" नवी दारातून म्हणाली.

"तर राहतील एखादी वेळ उपाशी. उपाशी माणसाला मागाहून भरवता येतं गं," मावशी म्हणाल्या. "खिडकीच्या आजींना मी आता काय भरवू?"

नवी गेली. मावशींनी हात धुतले, मास्क नाकावर नीट बसवला आणि तिच्या वाट्याची ताटंही आपल्या गाडीवर ठेवली.